परकोटाच्या आत आणि बाहेर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा गावाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक-मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. चांद्याचा इतिहास म्हटला की गोंड राजांची वंशावळ, भोसल्यांची स्वारी आणि इंग्रजांचा वेढा एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते, आणि तो विषय अधिकारी विद्वानांनी हाताळलेला आहे. त्यात आमच्यासारख्याने नवी भर ती कोणती घालावी? परंतु ज्या शहरात आपल्या ज्ञातीच्या कित्येक पिढ्या जन्मल्या, वाढल्या आणि अखेर झरपटीच्या काठी विसावल्या, त्या शहरातील गल्ल्या, विहिरी, ओसऱ्या आणि शेजार यांनाही इतिहास असतो. तो लिहून ठेवण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही, आणि जाणती माणसे गेली की त्यांच्याबरोबर तोही जातो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

यास एक तात्कालिक कारणही घडले आहे. परकोटाच्या आतील आपले जुने सभागृह विकून टाकावे आणि त्या पैशांत शहराबाहेरील नव्या वसाहतीत, गाड्या उभ्या करण्यास ऐसपैस जागा असलेले नवे भवन बांधावे, असा विचार गेल्या सर्वसाधारण सभेत मांडला गेला. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणे झाले, आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. तो निर्णय करण्यापूर्वी आपण ज्या जागेतून उठून जाण्याचा विचार करीत आहोत ती जागा काय आहे, एवढे तरी आपण जाणून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

सशाने आखलेले शहर

चांद्याच्या स्थापनेची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असेल. बल्लारपूर ही तेव्हा गोंड राज्याची राजधानी होती. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या व कोणत्याही औषधाने त्या जात नव्हत्या. शिकारीच्या निमित्ताने तो झरपटीकडे आला. तहान लागली म्हणून नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी तो प्यायला, त्याच पाण्याने त्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्यास गाढ झोप लागली. सकाळी पाहतो तो अंगावरच्या गाठी नाहीशा झालेल्या! राणीने तो खळगा साफ करविला, तेव्हा खडकात गाईच्या पावलांसारखे ठसे व त्यांत भरलेले पाणी आढळले. तेच अंचलेश्वराचे तीर्थ. पुढे त्याच परिसरात, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला राजाने पाहिला. ज्या भूमीत ससा कुत्र्यास पळवितो ती भूमी वीरांची, असे जाणून राणीने सुचविले की, ससा जेथून जेथून धावला त्या रेषेवर तट बांधावा. तेल ठाकूर नावाच्या माणसाने पायाची आखणी केली, अशी परंपरा सांगते.

कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आम्हांस तिच्यात एक व्यवहाराची गोष्ट दिसते. या शहराची कथा तलवारीपासून सुरू होत नाही, पाण्यापासून सुरू होते. पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट, आणि दक्षिणेस दोघींचा संगम, अशा पाण्याच्या कवेत हे गाव वसविले गेले. पाणी जवळ म्हणून वस्ती शक्य झाली, आणि पाणी फार जवळ म्हणून तटाची गरज पडली. पंधराव्या शतकात आरंभ झालेले परकोटाचे काम पुढे कित्येक पिढ्या चालले आणि धुंड्या रामशहाच्या काळात पूर्ण झाले, असे मानतात. सुमारे ११ किलोमीटरांचा हा तट शत्रूस अडविण्यासाठी होता हे खरेच. परंतु शत्रू चार पिढ्यांतून एकदा येतो आणि इरईचा पूर कोणत्याही पावसाळ्यात येऊ शकतो. पावसाळ्याच्या पाण्यास गावाबाहेर थोपविण्याचे काम या दगडी भिंतीने शतकानुशतके मुकाट्याने केले, याची आठवण पुढे पुन्हा करावी लागणार आहे.

चार दरवाजे, पाच खिडक्या

परकोटास चार दरवाजे: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. दरवाजांवर हत्तीस पायाखाली दाबणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. ती गोंड राजांची निशाणी. दरवाजे राजाचे, मिरवणुकींचे, हत्ती-घोड्यांचे आणि मालाने लादलेल्या गाड्यांचे. पायी जाणाऱ्या माणसांसाठी तटात पाच लहान वाटा ठेवल्या होत्या: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. एवढ्या मोठ्या तटाला चारच वाटा ठेवल्या असत्या, तर धुणे घेऊन नदीवर जाणाऱ्या बाईस अर्ध्या गावाचा वळसा पडला असता. मसाण खिडकीच्या नावावरून तर अखेरच्या प्रवासाचीही सोय पाहिलेली दिसते. इतिहासाच्या पुस्तकांत दरवाजांची वर्णने पानेच्या पाने आढळतात, खिडक्यांना एखादी ओळ मिळते. वस्तुतः गावाचा रोजचा व्यवहार खिडक्यांतूनच चालत असे.

राणी हिराईचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. पती बीरशहा मारला गेल्यावर तिने दत्तक घेऊन राज्याचा कारभार सांभाळला, पतीची समाधी अंचलेश्वराच्या मंदिराजवळ बांधविली, आणि महाकालीचे मंदिर उभारण्याचे श्रेयही परंपरा तिलाच देते. चैत्रातील महाकालीच्या यात्रेस आजही मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-परभणीकडून, आणि तेलंगणातून भाविकांचे थवे येतात. झरपटीत स्नान करून, हातात हळदकुंकू-नारळ घेऊन, देवीची गाणी म्हणत ते मंदिराकडे निघाले म्हणजे अंचलेश्वर दरवाजाच्या आसपासच्या ओसऱ्या त्यांच्यासाठी रिकाम्या केल्या जात. आमच्या लहानपणी आमच्या घरच्या ओसरीत नांदेडकडील एक कुटुंब दर चैत्रास उतरत असे. त्यांचे आडनाव आम्हांस कधी ठाऊक नव्हते. 'यात्रेवाल्या मावशी' एवढाच परिचय पुरेसा होता.

१७५१ साली शेवटचा राजा नीलकंठशहा याचे राज्य नागपूरकर रघूजी भोसल्यांनी खालसा केले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच इंग्रजांकडे गेले व चांदा हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १८६७ साली येथे नगरपालिका आली. राज्ये बदलली, तरी गावाची बेरीज-वजाबाकी तटाच्या आतच होत राहिली. १९०१ च्या शिरगणतीत चांद्याची लोकसंख्या १७,८०३ होती. म्हणजे आज आपल्याकडे एखाद्या मोठ्या वॉर्डात माणसे असतात, तितक्यांचे तेव्हा संपूर्ण शहर होते.

मोहल्ल्याचा संसार

या एवढ्याशा शहरात माणसे राहत कशी? भानापेठ, घुटकाळा, पठाणपुरा, गंज वॉर्ड, समाधी वॉर्ड, बालाजी वॉर्ड ही नावे आज मतदारयादीत आढळतात, परंतु एके काळी त्यांतील प्रत्येक नाव म्हणजे एक भरलेले कुटुंब होते. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूचे छप्पर, पुढे ओसरी, मागे परसात विहीर किंवा शेजाऱ्याच्या विहिरीचा वाटा, अशी बहुतेकांची घरे. दोन घरांत भिंत एकच असे. त्यामुळे शेजारच्या घरी भांडण झाले की आपल्या घरी समजे, आणि शेजारचे मूल रात्री रडू लागले की आपल्या घरची म्हातारी उठून विचारपूस करी.

चांद्याचा उन्हाळा सर्वांस परिचित आहे. सूर्य मावळला म्हणजे अंगणात पाण्याचा सडा पडे, बाजा बाहेर निघत, आणि साऱ्या गल्लीचे एक शयनगृह होई. कोणाच्या मुलीस स्थळ आले, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची गाय आटली, याची चर्चा एका बाजेवरून दुसऱ्या बाजेवर सरकत असे. ज्यांच्या घरी बरे होते ते वाळ्याच्या ताट्या लावीत व त्यांवर पाणी शिंपीत. दुपारच्या वेळी त्या ताट्यांच्या गारव्यास शेजारची मुले हक्काने येऊन निजत. दिवाळी संपून थंडी पडली की सांभारवडीचा बेत, श्रावण सरता तान्हा पोळा, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई. भुलाबाईच्या प्रसादाची खिरापत ओळखण्यासाठी मुली एका घरून दुसऱ्या घरी जात आणि ओळखता आली नाही तर यजमानीण विजयी मुद्रेने डबा उघडी.

आणि मागे रान होतेच. पहाटेस मूलकडून, सिंदेवाहीकडून, पलीकडे वैनगंगेच्या काठाकडून माणसे येत. त्यांच्या टोपल्यांत मोहफुले, टेंभरे, चारोळी, मध, बांबूच्या सूप-टोपल्या. वैनगंगेपलीकडचा मुलूखही तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा वेगळा झाला तरी सोयरीक वेगळी होत नाही, हे आपल्या ज्ञातीच्या लग्नपत्रिका पाहिल्या म्हणजे कळते. शहरात तेलुगू, गोंडी, झाडीबोली, हिंदी, उर्दू कानी पडत. बाजारात एका वाक्यात तीन भाषा बोलणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत, आणि गिऱ्हाइकाचा त्यात कधी गोंधळ झाल्याचे स्मरत नाही.

शेजाराची दुसरी बाजू

येथवर लिहून लेखणी थांबवावी असा मोह होतो. आपल्या स्मरणिकांतील जुन्या काळावरचे लेख बहुधा येथेच थांबतात, आणि 'गेले ते दिवस' म्हणून सुस्कारा टाकतात. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुरता लिहावयास हवा.

त्या प्रेमळ शेजारास कुंपण होते. ज्या विहिरीच्या काठावर आमच्या आयाबाया तासन् तास गप्पा मारीत, त्या विहिरीवर सर्वांस पाणी भरता येत नसे. गावातील काही माणसे घडा घेऊन दूर उभी राहत, आणि वरून कोणी पाणी ओतील तर ओतील. आमच्या आजीच्या तोंडून हे आम्ही ऐकले, तेव्हा ती ते पुण्यकर्म म्हणून सांगत होती: "मी कधी कोणास रिकामे पाठविले नाही हो." तिच्या दयाळूपणाविषयी आम्हांस तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. परंतु पाणी हे दयेने मिळावयाचे, की हक्काने? हा प्रश्न तिच्या मनात आला नाही, आणि आमच्याही मनात तो येण्यास फार वर्षे लागली. मोहल्ले ज्ञातिवार होते, म्हणूनच आपल्या ज्ञातीस आपल्या मोहल्ल्यात एवढी ऊब होती. तीच ऊब भिंतीपलीकडच्यास थंडी होती, हे विसरून चालणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्यास आले. येथे त्यांच्या हस्ते हजारोंनी दीक्षा घेतली. नागपूरखेरीज त्यांच्या हस्ते दीक्षेचा असा सोहळा आपल्या या लहानशा गावी व्हावा, ही या शहराच्या इतिहासातील फार मोठी घटना होय. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते, आणि ती परकोटाच्या बाहेर आहे. आमच्या मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी काय केले, असे आम्ही एकदा विचारले. "दुकान लवकर बंद केले," एवढेच उत्तर मिळाले. एवढ्या मोठ्या दिवसाची आमच्या घरातील नोंद एवढीच असावी, याची खंत वाटते. आणि म्हणूनच ती येथे लिहून ठेवीत आहोत.

कोळसा, वीज आणि वसाहती

तटाबाहेरची वाढ मुख्यतः रुळांनी आणि कोळशाने केली. वरोऱ्याची कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकातच चालू झाली होती व तेथवर आगगाडीही आली होती. पुढे लोहमार्ग बल्लारपूरपर्यंत गेला, आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठचा दुवा जुळून दिल्ली-मद्रास हा हमरस्ता आपल्या दारावरून जाऊ लागला. दुसरीकडून गोंदिया-नागभीडची अरुंद मार्गाची छोटी गाडी आली. तिच्या स्थानकाचे नाव चांदा फोर्ट. १९६४ साली गावाचे नाव चंद्रपूर झाले, रूळही पुढे रुंद झाले, परंतु त्या स्थानकाने आपले जुने नाव अद्याप टाकलेले नाही.

बल्लारपूर, लालपेठ, महाकाली, रयतवारी या खाणींनी गावाच्या कुशीपर्यंत काळे हात पोचविले. आंध्रातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारातून मजूर आले. फाळणीनंतर पूर्व बंगालातून विस्थापित झालेली कुटुंबे या जिल्ह्यात वसविली गेली. बंगाली कॅम्प हे नाव त्याची साक्ष देते. १९७३ मध्ये कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. १९८० नंतरच्या दशकात दुर्गापुराजवळ महाऔष्णिक वीजकेंद्राचे संच एकामागून एक चालू झाले, इरईवर धरण होऊन त्याचे पाणी केंद्रास व शहरास मिळू लागले. मग शहर थांबले नाही. तुकूम, रामनगर, बाबूपेठ, वडगाव, नगिनाबाग येथे शेते होती तेथे लेआउट पडले. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. १९९१ मध्ये ती २,२६,१०५ होती, २०११ मध्ये ३,२०,३७९. आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

आपल्या ज्ञातीचे तरुण या नव्या शहराचेच नागरिक आहेत. वीजकेंद्रात, खाणींत, बँकांत, शाळांत त्यांनी नोकऱ्या केल्या, कर्ज काढून तुकुमास घरे बांधली. त्यात वावगे काहीच नाही. मातीच्या भिंतीच्या घरात, चार भावांच्या एका चुलीवर, कोणत्या सुनेने किती सोसले याचाही हिशेब मांडला पाहिजे. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या मनाप्रमाणे चहा करता येणे, हे सुख लहान नव्हे. नव्या वसाहतीत शेजारी ज्ञातीचा नसतो. एका भिंतीस तेलुगू, दुसऱ्या भिंतीस बौद्ध, समोर बंगाली, असा शेजार आपल्या मुलांस जन्मतःच मिळाला, आणि विहिरीवरचा तो जुना भेद त्यांस गोष्टीतलाच वाटतो. परकोटाबाहेर जाऊन आपण जे मिळविले त्यात हे सर्वांत मोलाचे आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणतो.

नदीची आठवण

परंतु जे गमावले त्याचाही जमाखर्च पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे स्थान दिले. अंगणात बाजा टाकून निजण्याची रीत केवळ कूलरमुळे गेली नाही; सकाळी उशीवर काळी पूड दिसू लागली, हेही एक कारण होते. रान मागे हटले म्हणावे, तर २०२२ साली वीजकेंद्राच्या आवारात वाघाने माणूस मारला. ताडोब्याचे अरण्य आणि आपली वसाहत यांच्यामधील कुंपण कोणाचे, हे वाघास कोण सांगणार?

सर्वांत मोठा धडा इरईचा. वर्धा नदी भरून वाहू लागली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. त्यात धरणाचे दरवाजे उघडावे लागले की पात्राबाहेर पडते. खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर काठाशी रचले गेल्याने पात्रही आकसले आहे. २००६ आणि २०१३ चे पूर स्मरणात आहेत. जुलै २०२२ मध्ये रहमतनगर व नदीलगतच्या इतर वस्त्यांतून माणसांना बाहेर काढावे लागले. ज्या गरिबांस परकोटाच्या आत जागा घेणे परवडत नव्हते, त्यांनी पुराच्या रेषेत स्वस्त भूखंड घेतले, आणि ते विकणाऱ्यांनी नदीची गोष्ट त्यांस सांगितली नाही. त्या दिवसांत तटाच्या आतील घरे बव्हंशी कोरडी होती. पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी दगडावर दगड रचला त्यांस इरईचा स्वभाव ठाऊक होता. आम्ही शिकलेली माणसे तो विसरलो.

आणि त्या तटास आम्ही काय दिले? कोणी त्यावर भिंत टेकवून घर बांधले, कोणी दगड नेले, आणि उरलेल्या सर्वांनी त्यावर कचरा टाकला. बुरुजांवर झाडे वाढली, त्यांच्या मुळांनी चिरे सुटले. २०१७ च्या मार्चमध्ये 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी हाती विळे-कुदळी घेऊन परकोट साफ करण्यास आरंभ केला. शेकडो दिवस, रोज पहाटे, न चुकता ते राबले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात त्यांचा गौरव केला. पुढे २०२१ मध्ये रामाळा तलाव वाचविण्यासाठी याच संस्थेने अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. हे तरुण एका ज्ञातीचे नव्हते, एका मोहल्ल्याचेही नव्हते. ज्या बुरुजाच्या सावलीत आम्ही विटीदांडू खेळलो त्याच्यावरची झुडपे दुसऱ्या कोणाच्या मुलांनी काढली, आणि आम्ही वर्तमानपत्रात वाचून धन्यता मानली.

आपल्यापुढील प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सभागृह परकोटाबाहेर न्यावे, असे म्हणणाऱ्या बंधूंचे म्हणणे आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. जटपुरा दरवाजातून सायंकाळी गाडी बाहेर काढणे म्हणजे काय यातना आहेत, ते आम्हीही भोगतो. हत्तीसाठी बांधलेल्या कमानीतून आज हजारो दुचाक्या, ऑटोरिक्षा व मोटारी जावयास पाहतात, आणि लग्नाचे वऱ्हाड मुहूर्त टळेपर्यंत गांधी चौकाच्या अलीकडेच अडकते. वृद्धांस जिने चढवत नाहीत, गाडी ठेवण्यास जागा नाही, हेही खरे. केवळ जुने आहे म्हणून ते उराशी धरून बसावे, असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, ते विकण्यापूर्वी ते कशासाठी बांधले होते याचा विचार व्हावा. आमच्या वडिलांच्या पिढीने पावली-आठ आणे वर्गणी जमवून ती जागा घेतली, तेव्हा वर्षातून एकदा स्नेहसंमेलन करणे एवढाच हेतू नव्हता. खेड्यावरून शिकावयास येणाऱ्या मुलास निजण्यास जागा असावी, गडचिरोलीकडून दवाखान्यासाठी आलेल्या रुग्णाच्या नातलगास चूल मांडता यावी, हा तो हेतू. शिकणारी मुले आजही येतात, आणि दवाखान्यासाठी येणारे तर पूर्वीपेक्षा अधिक येतात. ती मात्र आता सर्व ज्ञातींची आहेत, आणि आपल्या सभागृहास वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असते.

म्हणून सभेपुढे आम्ही नम्रपणे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, जुनी जागा विकू नये. नवे भवन बांधावयाचे तर वेगळी वर्गणी काढून बांधावे, आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे देऊ. दुसरी, जुन्या सभागृहाचे कुलूप काढून तेथे अभ्यासिका व उतरण्याची सोय करावी, आणि ती ज्ञात न विचारता सर्वांस खुली असावी. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या कुटुंबांस तेथे आसरा द्यावा. परकोटाच्या आतील कोरड्या जागेचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही. ज्या विहिरीवर आपण एके काळी पाणी अडविले, तिचे ऋण फेडण्याचा हाच एक मार्ग आपल्या हाती उरला आहे. तिसरी, ज्ञातीतील वृद्ध बंधुभगिनींकडून आपापल्या मोहल्ल्याची आठवण लिहून घ्यावी: कोणती विहीर कोठे होती, कोणत्या खिडकीने कोण कोठे जात असे, १९५६ च्या त्या ऑक्टोबरात घरात काय बोलणे झाले, पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले. चांगले तेवढेच लिहू नये, सारे लिहावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेची चार पाने जाहिरातींऐवजी त्यास द्यावीत.

या सूचना काही बंधूंस रुचणार नाहीत, याची आम्हांस कल्पना आहे. ज्ञातीच्या पैशाने इतरांची सोय का, असे विचारले जाईल. त्यावर आमचे उत्तर साधे आहे. चैत्रात आपल्या ओसरीवर उतरणाऱ्या यात्रेकरूस आपल्या आजीने कधी आडनाव विचारले नाही. जे देवीच्या नावाने दोन रात्री जमत होते, ते शेजाराच्या नावाने वर्षभर जमावे, एवढीच आमची मागणी आहे.

पुढच्या सभेस सर्व ज्ञातिबंधुभगिनींनी अगत्याने यावे. जुन्या सभागृहातच ती भरणार आहे. जटपुऱ्याच्या गर्दीची भीती वाटत असेल, त्यांनी गाडी बाहेर ठेवून एखाद्या खिडकीने पायी आत यावे. वाटेत परकोट नीट पाहावा, आणि मग मत द्यावे.